ऑटोक्लेव्हमधून परत आलेल्या फ्लो सेन्सरच्या आकड्यावर किती विसंबायचं?

कोल्हापुरातल्या आठ खाटांच्या एका आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरांनी विचारलंय: "आमच्याकडं व्हेंटिलेटरला परत वापरायचे फ्लो सेन्सर (हवेचा प्रवाह मोजणारे) आहेत. पेशंट बदलला की सेन्सर सीएसएसडीला (निर्जंतुकीकरण विभागाला) जातो आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या १३४ अंशाच्या सायकलला लागतो. पुस्तिकेत ५० सायकल चालेल असं लिहिलंय, आमचे पंचवीस-तीसच झालेत. तरी दोन व्हेंटिलेटरवर आत गेलेला श्वास ४५० मिली आणि बाहेर आलेला ३९० दाखवतोय. सर्किट बदललं, श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ (हवेची फुगी) बघितला, गळती सापडत नाही. कॅलिब्रेशन दरवेळी पास होतं. ऑटोक्लेव्हनं सेन्सर बिघडतात का? ईटीओला (इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक करायला) दिले तर टिकतील का? राउंडला डॉक्टर विचारतात, यातला खरा आकडा कुठला, तर काय सांगू?"

सिस्टर, बिघडतात. मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात व्हेंटिलेटर आणि भूल देण्याची यंत्रं सांभाळतोय. या काळात बाद केलेले बरेच सेन्सर मी उघडून बघितलेत. नुसत्या वाफेनं गेलेले त्यात कमी होते. जास्त गेले ते ऑटोक्लेव्हच्या आधी ट्रेमध्ये सुकत पडल्यामुळं आणि बाहेर आल्यावर घाईत वाळवल्यामुळं. तुमचे पंचवीसाव्या सायकललाच का डगमगले, हे शोधताना तिथंही बघावं लागेल.

आधी आज रात्रीचं काम. ज्या व्हेंटिलेटरवर फरक येतोय त्याचा सेन्सर काढून चांगल्या चालणाऱ्या व्हेंटिलेटरला लावा आणि त्याचा याला लावा. पेशंट जोडलेला असताना हे करायचं नाही. यंत्राला टेस्ट लंग (फुफ्फुसाच्या जागी लावायची रबरी पिशवी) लावा, दोन्हीकडं कॅलिब्रेशन करा आणि एकाच सेटिंगवर पाच मिनिटं चालवा. फरक सेन्सरबरोबर गेला तर दोष सेन्सरचा. जागेवरच राहिला तर यंत्राचा किंवा सेटिंगचा. एवढं होईपर्यंत डॉक्टरांना सांगा की दोन्ही आकडे संशयित आहेत. छाती किती उचलतेय, कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) काय म्हणतोय, एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड किती आहे आणि प्लॅटो प्रेशर (श्वास आत रोखून धरल्यावरचा दाब) किती, यावर चालू द्या.

सेटिंगचं नाव काढलं कारण तिथं एक चूक वारंवार होते. सिलिंडर किंवा पाइपलाइनमधून येणारा वायू कोरडा आणि खोलीच्या तापमानाचा असतो. फुफ्फुसातून परत येतो तेव्हा तो ३७ अंशाचा आणि बाष्पानं भरलेला असतो. २५ अंशाचा कोरडा वायू आत गेला तर नुसत्या गरम होण्यानं आणि ओलाव्यानं त्याचं आकारमान सुमारे ११ टक्के वाढतं. यंत्र ही वजाबाकी-बेरीज स्वतः करतं, पण त्यासाठी तुम्ही एचएमई फिल्टर (उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा धरून परत देणारा) लावलाय की गरम पाण्याचा ह्युमिडिफायर, हे त्याला खरं सांगावं लागतं. ते चुकलं तर सेन्सर कोरा करकरीत असला तरी आत-बाहेरचे आकडे जुळत नाहीत. तुमचा फरक १३ टक्क्यांचा आहे. त्यातला काही भाग इथून येतोय का, हे एका बटणाचं काम आहे.

आता खरा मुद्दा. तुमच्या यंत्रात आत जाणारा श्वास कोण मोजतो आणि बाहेर येणारा कोण, हे बघा. काही यंत्रांत पेशंटच्या वाय-पीसजवळ (आत-बाहेरच्या नळ्या एकत्र येतात त्या Y आकाराच्या जोडाजवळ) एकच सेन्सर असतो आणि तोच दोन्ही दिशांचा प्रवाह मोजतो. काहींत आत जाणारा प्रवाह यंत्राच्या पोटातला सेन्सर मोजतो. त्याला कधी कोरड्या, स्वच्छ हवेशिवाय काही लागत नाही आणि तो कधी ऑटोक्लेव्हला जात नाही. बाहेर येणारा प्रवाह मात्र एक्स्पायरेटरी, म्हणजे उच्छ्वासाच्या बाजूचा सेन्सर मोजतो. थुंकी, पाणी, औषधाचे तुषार हे सगळं त्याच्याच नशिबी. दुसऱ्या प्रकारात त्या एका सेन्सरची संवेदनक्षमता ढळली की आत-बाहेर फरक लगेच दिसतो. पहिल्या प्रकारात नुसती संवेदनक्षमता ढळली तर दोन्ही आकडे सारखेच चुकतात, म्हणजे फरक दिसतच नाही आणि सगळं ठीक वाटतं. अशा यंत्रावर ४५० आणि ३९० दिसले तर दोष एका दिशेपुरता असतो: सेन्सरच्या दाबाच्या नळीची गळती, आत अडकलेला थेंब, किंवा सेन्सरमधली एका बाजूला वाकलेली पाकळी. हे भाग पुढं सांगतो.

सेन्सरांचे प्रकार बरेच आहेत. आयसीयूत तुमच्या हाती येतात ते मुख्यतः दोन. पहिल्यात वाटेत एक अडथळा असतो, म्हणजे अरुंद छिद्र, बारीक जाळी किंवा पातळ प्लास्टिकची पाकळी. अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब दोन नळ्यांतून यंत्राकडं जातो आणि त्या दाबाच्या फरकावरून प्रवाह काढला जातो. दुसऱ्या प्रकारात केसाहून बारीक प्लॅटिनमची तार गरम ठेवलेली असते. हवा वाहिली की तार थंड व्हायला लागते. तिला त्याच तापमानावर ठेवायला किती वीज लागली, त्यावरून प्रवाह कळतो.

दोन्हींवर सारखाच मळ बसला तरी चूक उलट दिशेला होते. छिद्राच्या कडेवर थर बसून व्यास एक टक्का कमी झाला तर क्षेत्रफळ दोन टक्के कमी होतं. तेवढीच हवा जायला दाबाचा फरक सुमारे चार टक्के जास्त पडतो आणि यंत्र प्रवाह दोन टक्के जास्त दाखवतं. बारीक नळ्यांच्या जुडग्याचा सेन्सर असेल, तर एक टक्का त्रिज्या घटली की आकडा चार टक्क्यांनी फुगतो, कारण तिथं रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. गरम तारेवर तोच थर गोधडीसारखा बसतो. तारेची उष्णता हवेत कमी जाते, तिला वीज कमी लागते आणि यंत्राला वाटतं प्रवाहच कमी आहे. म्हणून "सेन्सर जुना झाला की कमी दाखवतो" असा सरसकट ठोकताळा बांधू नका. तुमच्या हातात कुठला सेन्सर आहे त्यावर ते ठरतं.

पाकळीच्या सेन्सरचं वागणं याहून गुंतागुंतीचं, आणि आपल्याकडच्या आयसीयूत हाच प्रकार जास्त दिसतो. प्रवाह कमी असताना पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि वाढला की उघडत जाते. त्यामुळं कमी प्रवाहातही मोजण्याजोगा दाब मिळतो. वाफेच्या उष्णतेत पाकळी वाकलेल्या अवस्थेत राहिली तर थंड झाल्यावर ती पूर्ण मिटत नाही. असा एखादा सेन्सर खिडकीच्या उजेडासमोर धरून बघा. चांगल्या सेन्सरमध्ये पाकळीच्या कडेची फट सगळीकडं सारखी बारीक दिसते. बिघडलेल्यात एका बाजूला चंद्रकोरीएवढा उजेड येतो. त्या कोरीतून कमी प्रवाह दाब न पाडताच निसटतो. जोराचा प्रवाह बरोबर मोजला जातो, मंद प्रवाह कमी. आणि उच्छ्वासाची शेपटी मंदच असते. बाहेर येणारा श्वास कमी दिसण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद झालेल्या जुनाट आजाराच्या) पेशंटचा उच्छ्वास लांबत जातो, म्हणून त्याच्यावर फरक जास्त दिसतो आणि दुसऱ्या पेशंटवर तोच सेन्सर ठीक वाटतो.

पाकळी का वाकते? नुसत्या १३४ अंशानं नाही. ती त्यासाठीच बनवलेली असते. ती वाकते ती ड्रममध्ये. एका रुग्णालयात सेन्सर लागोपाठ बाद होत होते म्हणून मी सीएसएसडीत जाऊन उभा राहिलो. तिथले मामा पंधरा वर्षांचे अनुभवी, कामाला चोख. त्यांनी सेन्सर पाउचमध्ये घातला, ड्रममध्ये ठेवला आणि वरून डिलिव्हरीचा सेट ठेवून झाकण लावलं. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, मोकळा ठेवला तर सारखा हलतोय की, म्हणून वजन ठेवतोय." त्यांचा हेतू चांगला होता. पण गरम झालेलं प्लास्टिक ओझ्याखाली ज्या आकारात राहतं त्याच आकारात थंड होतं. सेन्सरसाठी वेगळी जाळीची टोपली आणली, उभा ठेवायचा, वर काही नाही, एवढंच केलं. त्या रुग्णालयात त्यानंतर सेन्सर कितीतरी जास्त दिवस टिकायला लागले.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट दिसली. बाहेर काढलेला सेन्सर ओला असतो म्हणून मामा त्यावर भिंतीच्या आउटलेटला जोडलेल्या एअर गननं हवा मारत होते. भिंतीतल्या मेडिकल एअरचा दाब साधारण ४ बार असतो, म्हणजे सुमारे ४००० सेंटिमीटर पाण्याचा. सेन्सरच्या पाकळीला उभ्या आयुष्यात एक-दोन सेंटिमीटरच्या फरकाची सवय असते. एअर गन, नळाची जोराची धार, बाटली धुवायचा ब्रश आणि गरम तारेच्या सेन्सरला अल्ट्रासोनिक क्लीनर, या चार गोष्टी करायच्या नाहीत असं मी ज्या-त्या सीएसएसडीत लिहून लावायला सांगतो.

नळ्यांकडं मात्र कुणाचंच लक्ष जात नाही, आणि माझ्या मते तुमचं दुखणं तिथंच असण्याची शक्यता जास्त. दाबाच्या दोन बारीक नळ्या सेन्सरच्या टोकांवर घट्ट बसलेल्या असतात. प्रत्येक सायकलमध्ये सिलिकॉन तापतं, ताणलेल्या अवस्थेतच राहतं आणि हळूहळू टोकाजवळ सैल पडतं. गळती इतकी बारीक असते की श्वासाच्या हवेत तिचा हिशेबही लागत नाही, म्हणून सर्किटची गळती-चाचणी पास होते. पण हिशेब बघा. वायुमार्गात दाब २५ सेंटिमीटर आहे आणि दोन नळ्यांतला फरक जेमतेम एक सेंटिमीटर. पेशंटकडच्या नळीत सैल टोकामुळं दाब नुसता एक टक्क्यानं घटला तरी पाव सेंटिमीटर गेला, म्हणजे जे मोजायचं त्याचाच चौथा हिस्सा. यंत्राला वाटतं हवा आत चाललीय. आत जाणारा आकडा फुगतो, बाहेर येणारा घटतो. व्हेंटिलेटरकडची नळी सैल असेल तर नेमकं उलटं: बाहेर येणारा आत गेलेल्यापेक्षा जास्त दिसतो, जे शरीरात घडूच शकत नाही. पीप (श्वास सोडून झाल्यावरही वायुमार्गात राखलेला दाब) वाढवला की फरक वाढला, शून्यावर आणला की कमी झाला, तर नळीच समजा. टेस्ट लंगवर ही परीक्षा दोन मिनिटांत होते.

आता ऑटोक्लेव्हच्या आधीच्या तासाबद्दल. पेशंट सुटला किंवा गेला की त्या धावपळीत सर्किट काढून ट्रेमध्ये पडतं. रात्रीची वेळ असेल तर सकाळच्या पाळीलाच कुणीतरी उचलतं. तोवर आतली थुंकी, रक्ताचा अंश, निबुलायझेशनचं औषध वाळून चिकटतं. मग नुसतं खळबळून १३४ अंशात घातलं की अंड्याचा पांढरा भाग तव्यावर बसतो तसं प्रथिन बसतं. ते पुन्हा निघत नाही. सेन्सर निर्जंतुक होतो, पण त्याच्या कडेवर किंवा तारेवर एक पातळ कवच राहतं आणि पुढच्या सायकलला त्यावर आणखी एक. निर्जंतुक आणि स्वच्छ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अचूकता स्वच्छतेवर अवलंबून असते. म्हणून सेन्सर काढल्या काढल्या बेडजवळच एन्झाइमच्या कोमट द्रावणाच्या डब्यात बुडवा. वेळ आणि प्रमाण बाटलीवर असतं तेवढंच. मग हलक्या हातानं बुडवून-काढून स्वच्छ करा. निबुलायझेशन चालू असताना सेन्सरच्या आधी फिल्टर लावा किंवा पुस्तिकेत चालत असेल तर सेन्सर बाजूला काढा. तीन टक्के सलाइनचे तुषार सुकले की मागं मीठच उरतं.

शेवटचं खळबळणं डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यानंच. हे मी आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहरातलं नळाचं पाणी कित्येक दिवस बंद होतं. मी ज्यांचं काम बघतो अशा एका रुग्णालयानं त्या काळात ऑटोक्लेव्हला आणि धुण्याला बोअरचं पाणी वापरलं. दुसरा इलाजच नव्हता. महिन्याभरात तिथले जाळीचे सेन्सर आकडा वाढवून दाखवायला लागले. भिंगाखाली जाळीच्या तारांवर पांढरट कण दिसले. बाद केलेल्या एका जाळीवर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचा थेंब टाकला आणि बारीक बुडबुडे उठले. क्षार. बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब सुकताना आपले क्षार मागं ठेवतो, आणि जाळीत तो सुकतो तो नेमका छिद्राच्या कडेला. आता तिथं पावसाळ्याच्या आधी डीमिनरलाइज्ड पाण्याचे कॅन भरून ठेवतात. २०२१ च्या पुरात ते कामी आले.

वाळवण्याबद्दल थोडक्यात. पाउचमध्ये ओला सेन्सर बंद केला तर थेंब नळीत बसतो आणि पेशंटला लावल्यावर आकडा उड्या मारतो. गरम तारेवर थेंब पडला तर तो खूप उष्णता ओढून घेतो, आकडा एकदम वर जातो आणि व्हेंटिलेटरला वाटतं पेशंटनं श्वास घेतला. ऑटोक्लेव्हची वाळवण्याची फेरी पूर्ण होऊ द्या. नंतर निदान अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम सेन्सरवर केलेलं कॅलिब्रेशन थंड झाल्यावर खोटं ठरतं.

ईटीओबद्दल विचारलंत. त्यात तापमान साधारण ३७ ते ६३ अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळं पाकळी वाकणं, प्लास्टिक ठिसूळ होणं हे त्रास टळतात. पण वायू प्लास्टिक आणि सिलिकॉनमध्ये मुरतो. तो निघून जायला ५०-६० अंशांच्या कपाटातही ८ ते १२ तास एअरेशन लागतं, आणि तो पुरता निघाला नाही तर थेट पेशंटच्या श्वासात जातो. आठ खाटांना मोजके सेन्सर असतील तर एवढा वेळ कुणी थांबत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मळ धुतला नसेल तर ईटीओ तो काढत नाही. पुस्तिकेत ईटीओ लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडं दुप्पट सेन्सर असतील तरच तो विचार करा. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्माचं यंत्र आता मोठ्या रुग्णालयांत आलंय. तेही सुमारे ५० अंशांत काम करतं, पण ओलावा राहिला की सायकल मध्येच थांबते आणि लांब, बारीक नळ्यांत ते नीट पोचत नाही. सेन्सरच्या दाबाच्या नळ्या तशाच असतात.

ग्लुटाराल्डिहाइडचा मार्ग बऱ्याच ठिकाणी चालतो. श्वसनाची उपकरणं निम-गंभीर (सेमी-क्रिटिकल) वर्गात मोडतात आणि त्यांना उच्च पातळीचं जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) पुरतं, हे बरोबर आहे. मात्र हे रसायन प्रथिनं जागच्या जागी घट्ट करतं. पॅथॉलॉजीत तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात तो याच गुणासाठी. न धुतलेला सेन्सर यात टाकला तर मळ पक्का होतो. स्पिरिटचं निराळं. पॉलिकार्बोनेटच्या आणि ॲक्रिलिकच्या भागांवर ते पुन्हा पुन्हा लागलं की बारीक केशासारखे तडे पडतात. गरम तारेच्या एका प्रचलित प्रकाराला मात्र वाफ चालतच नाही. त्याला ७० टक्के इथेनॉलमध्ये तासभर ठेवतात आणि मग निदान अर्धा तास उघड्यावर वाळवतात. ही अर्ध्या तासाची अट अचूकतेहून मोठी आहे. कॅलिब्रेशनच्या वेळी तार तापते आणि उरलेल्या स्पिरिटच्या वाफा पेट घेऊ शकतात.

"एकदाच वापरा" असं छापलेला सेन्सर कुठल्याच मार्गानं परत वापरू नका. कोविडच्या दिवसांत पुरवठा तुटला तेव्हा काय-काय करावं लागलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या सवयी तिथंच राहू द्या.

आता कॅलिब्रेशन पास होतं म्हणजे काय. काही यंत्रं त्यात फक्त शून्य तपासतात: प्रवाह नसताना आकडा शून्य येतो का. कवच बसलेला सेन्सरही शून्याला शून्यच दाखवतो. चूक होते ती वर, मिनिटाला ३० आणि ६० लिटरच्या प्रवाहाला. काही यंत्रं पोटातल्या सेन्सरशी तुलना करून दुरुस्तीचा गुणक साठवतात. ही चांगली सोय आहे, पण तिच्यामुळं सेन्सर किती ढासळलाय हे मर्यादा ओलांडेपर्यंत दिसत नाही. शिवाय तो गुणक त्या जोडीचा असतो. बेड तीनचा सेन्सर धुऊन बेड पाचला लावला आणि घाईत कॅलिब्रेशन राहिलं, तर पाचवर तीनचा हिशेब चालतो.

हे पकडायला महागडा गॅस फ्लो अनालायझर हवाच असं नाही. प्रत्येक प्रकारचा एक कोरा सेन्सर बाजूला ठेवा. तो कधीही पेशंटला लावायचा नाही, कधीही धुवायचा नाही. मी त्याला गुरू सेन्सर म्हणतो. महिन्यातून एकदा एक व्हेंटिलेटर मोकळा करून टेस्ट लंग लावा. ५०० मिली, मिनिटाला १२ श्वास, पीप ५. ह्युमिडिफायर बंद. गुरू सेन्सर लावून कॅलिब्रेशन करा आणि दहा श्वासांनंतरचा आकडा लिहा. मग यंत्र मान्य करत असेल तर कॅलिब्रेशन न करता एकेक जुना सेन्सर लावून आकडा लिहीत जा. सगळी परिस्थिती तीच असल्यानं तापमान-ओलाव्याचा प्रश्न मिटतो आणि सेन्सरचा खरा ढळ समोर येतो. तोच प्रयोग २५० मिली आणि मंद प्रवाहावर एकदा करा, म्हणजे न मिटणारी पाकळी सापडेल. झाल्यावर प्रत्येक यंत्राचं त्याच्या सेन्सरबरोबर नव्यानं कॅलिब्रेशन, हे विसरायचं नाही. गुरूपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सेन्सर चालू ठेवा. पाच ते दहा असेल तर पुन्हा धुऊन, नळ्या बघून तपासा. दहाच्या पुढं बाद, मग त्याचा दहावा सायकल असो की चाळिसावा. ही माझी स्वतःची रेघ आहे. बहुतेक यंत्रांची पुस्तिका मोजलेल्या श्वासाला दहा टक्क्यांच्या आसपासच सूट देते.

दहा टक्क्यांसाठी एवढं का, असं मला एकदा एका तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएसच्या (फुफ्फुसांना तीव्र सूज येणाऱ्या आजाराच्या) मोठ्या अभ्यासात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागं ६ मिलीचा श्वास दिलेल्या गटात ३१ टक्के पेशंट दगावले आणि १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के. आता १५५ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. उंचीवरून वजन येतं सुमारे ४८ किलो, म्हणजे श्वास २९० मिली. तुमच्यासारखा १३ टक्के कमी दाखवणारा सेन्सर लावला आणि बाहेर येणारा आकडा २९० दिसावा म्हणून कुणी सेटिंग वाढवत गेलं, तर आत ३३० च्या पुढं जातं. किलोमागं सात. सगळी टीम ६ मिलीचा नियम मनापासून पाळतेय आणि फुफ्फुसात तो पाळला जात नाहीये. नवजात बाळांचं तर बोलायलाच नको. किलोभराच्या बाळाचा श्वास पाच मिली असतो. शून्याची चूक मिनिटाला अर्धा लिटर असली तर सेकंदाला आठ मिली खोटी जमा होते.

कोल्हापूरचं म्हणून एक. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहोत. इथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. यंत्र बसवताना उंचीचं सेटिंग शून्यावर राहिलं आणि यंत्र स्वतः हवेचा दाब मोजत नसेल, तर छिद्राचा सेन्सर साधारण तीन टक्के आणि गरम तारेचा सहा टक्के कमी दाखवतो, पहिल्या दिवसापासून. मुंबईहून आलेल्या दोन यंत्रांत मला हे सापडलंय. त्याचा दोष उगाच ऑटोक्लेव्हवर जातो.

नोंदीसाठी प्रत्येक सेन्सरला नंबर द्या, पण सुईनं किंवा ब्लेडनं कोरू नका. कोरलेल्या रेघेतूनच तडा सुरू होतो. वाफ सोसणाऱ्या रंगीत टेपच्या पट्ट्या पुरतात. वहीत तारीख, सायकल क्रमांक, कुणी धुतला, गुरूपेक्षा किती फरक. दर वेळी पाउचमध्ये घालण्याआधी उजेडात धरून पाकळीची कड, प्लास्टिकवरचे केशासारखे तडे आणि नळीचं टोक बघायचं. टोक बोटानं हलकं फिरवलं आणि ते सहज फिरलं तर नळी बदला. काही मॉडेलला नळीचा सेट वेगळा मिळतो, अख्खा सेन्सर टाकावा लागत नाही.

अदलाबदल केल्यावर मला आठ आकडे लिहून कळवा: दोन्ही सेन्सरांचे पीप ५ वर आत आणि बाहेर, आणि तेच पीप १० वर. यंत्राच्या मॉडेलचं नाव आणि ह्युमिडिफायरचं सेटिंगही लिहा. पीपबरोबर फरक वाढत असेल तर नवीन सेन्सरची ऑर्डर देऊ नका, नळ्या मागवा.